थंड पडलेले रॅट आणि दिसलेलं हार्ट फेल्युअर: एका पीव्ही लूप प्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावातल्या एका फार्मसी कॉलेजातलं हे प्रकरण आहे. कॉलेजचं नाव देत नाही, माणसांची पण नाही, आणि ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी त्या कॉलेजातला नाही, मी दुसरीकडे फिजिऑलॉजी शिकवतो आणि कॅथेटरची कामं आधी बरीच केलेली असल्यामुळे असं काही अडलं की आजूबाजूचे लोक फोन करतात, एवढाच माझा संबंध.

निपाणीकडची एक मुलगी तिथं पीएचडी करत होती. विषय असा की डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधानं हृदयाला जो मार बसतो तो एका झाडाच्या सालीच्या अर्कानं कमी होतो का. मॉडेल नेहमीचंच, विस्टार जातीचे नर रॅट, दोन आठवड्यांत सहा इंजेक्शनं मिळून किलोमागे १५ मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन पोटात, मग काही आठवडे थांबायचं आणि शेवटी हृदय किती काम करतंय ते मोजायचं. ग्रुप चार: कंट्रोल, नुसतं डॉक्सो, डॉक्सो आणि कमी डोसचा अर्क, डॉक्सो आणि जास्त डोसचा अर्क. प्रत्येकी आठ रॅट.

मोजायला त्यांच्याकडे चांगलं सामान आलं होतं, ग्रँटमधून घेतलेलं, टोकावरच प्रेशर सेन्सर असलेलं २ फ्रेंच जाडीचं कॅथेटर. म्हणजे व्यास साधारण पाऊण मिलिमीटरच्या आतच. त्यावर कंडक्टन्सचे, म्हणजे कप्प्यातल्या रक्तातून वीज किती सहज वाहते त्यावरून तिथलं व्हॉल्यूम काढणारे, इलेक्ट्रोड पण होते, त्यामुळे प्रेशर आणि व्हॉल्यूम दोन्ही एकदम मिळतं आणि पीव्ही लूप, म्हणजे एका ठोक्यात प्रेशर आणि व्हॉल्यूम कसं बदलतं त्याचा बंद आलेख, काढता येतो. कंडक्टन्सची पद्धत नेदरलँड्समध्ये लायडनला यान बान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बसवली, आणि लूपवरून हृदयाची ताकद कशी वाचायची हे त्याच्या आधी, १९७०च्या दशकात, सुगा आणि सागावा यांनी कुत्र्यांच्या हृदयावर दाखवलं होतं. रॅटचं हृदय साधारण एक ग्रॅमचं, उंदराचं त्याच्या सात-आठ पट छोटं, तरी तत्त्व तेच.

करायचं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच कळेल. रॅटला भूल द्यायची (इथं केटामिन ८० आणि झायलाझिन १० मिलिग्रॅम किलोमागे), गळ्यापाशी कापून उजवी कॅरोटिड धमनी मोकळी करायची, तिला चिकटून जाणारी पांढऱ्या दोऱ्यासारखी व्हेगस नस अलगद बाजूला सोलायची, डोक्याकडच्या टोकाला गाठ, छातीकडच्या टोकाला क्लॅम्प, मधे बारीक कात्रीनं तिरका छेद आणि त्यातून कॅथेटर आत सारायचं. आत सारताना डोळे स्क्रीनवर. आधी महाधमनीचं प्रेशर दिसतं, वर ११०-१२०, खाली ८०-९०, आणि मग झडपेतून टोक आत गेलं की वरचा आकडा तिथंच राहतो आणि खालचा धाडकन शून्याच्या आसपास येतो. पहिल्यांदा ते जमतं तेव्हा पोरं ओरडतात, मी बघितलंय. हा प्रयोग शेवटचाच असतो, रॅटला परत उठवत नाहीत, भुलीतच संपवतात.

अडचण कशी दिसली

डिसेंबरच्या शेवटी मॅडमचा, म्हणजे तिच्या गाइडचा, फोन आला, "सर, जरा येऊन बघतासा काय, आकडे छान आलेत पण पोरगी म्हणते कायतरी गडबड आहे." आकडे छान आणि पोरगी नाराज, हे ऐकूनच मी गेलो. उलटं असतं नेहमी.

तोवर कंट्रोल आणि डॉक्सो हे दोन ग्रुप मोजून झाले होते, अर्काचे दोन बाकी. फरक इतका मोठा होता की स्टॅटिस्टिक्स न करता पण दिसावा. डीपी/डीटी मॅक्स, म्हणजे आकुंचनाच्या वेळी डाव्या कप्प्यातलं प्रेशर सेकंदाला जास्तीत जास्त किती वेगानं चढतं तो आकडा, डॉक्सो ग्रुपमधे निम्म्याच्याही खाली. टाऊ, म्हणजे आकुंचनानंतर प्रेशर किती सावकाश उतरतं त्याचा काळ, चांगलाच लांबलेला. हार्ट रेट कंट्रोलमधे २५०च्या आसपास आणि डॉक्सोमधे १८०-१९०. बघणाऱ्याला वाटावं, डॉक्सोनं हृदय पार खल्लास केलंय, आता अर्कानं थोडं जरी सुधारलं तरी पेपर झाला.

गडबड तिला दिसली ती वेगळ्याच ठिकाणी. तिची एक ज्युनियर नवीन आली होती, तिला शिकवायला म्हणून ट्रेनिंगसाठी मंजूर असलेला एक रॅट घेतला. धडधाकट, कसलंच औषध न दिलेला. त्याचे आकडे आले डॉक्सो ग्रुपसारखे. हार्ट रेट १८५, डीपी/डीटी पडलेला, टाऊ लांबलेला. मॅडम म्हणाल्या नवी पोरगी आहे, हात बसलेला नाही, धमनी ओढली गेली असेल, रक्त गेलं असेल. ते पण होऊ शकतं, पण कॅथेटर सिनियरनंच घातलं होतं, ज्युनियर नुसती बघत होती. पहिला निर्णयाचा क्षण हाच, आणि तिनं तो बरोबर घेतला असं माझं मत: एका रॅटचा आकडा आहे, ट्रेनिंगचा आहे, रजिस्टरला पण नोंदवायची गरज नाही, असं म्हणून सोडून देणं सगळ्यात सोपं होतं, तिनं सोडलं नाही.

तपास

पहिला संशय नेहमी कॅथेटरवर जातो आणि जायलाच पाहिजे. सेन्सर ड्रिफ्ट होतो, रक्ताचा थर टोकावर वाळला की वाचन बदलतं. म्हणून कॅथेटर कोमट सलाइनमधे अर्धा तास भिजवून झिरो केलं, मग सिरिंज आणि साध्या पाऱ्याच्या बीपीच्या मशीनला टी जोडून ०, ५०, १०० असं प्रेशर देऊन बघितलं. आकडे बरोबर. प्रत्येक रॅटनंतर कॅथेटर बाहेर काढल्यावर झिरो किती सरकला हे तिनं लिहून ठेवलेलं होतं, ते पण ठीक. तर कॅथेटर नाही.

दुसरा संशय टोकाच्या जागेचा. टोक भिंतीला किंवा पॅपिलरी स्नायूला, म्हणजे झडपेच्या दोऱ्या धरणाऱ्या कप्प्यातल्या स्नायूला, टेकलं की प्रेशरला आकुंचनाच्या शेवटी उगाच एक टोकदार चढ येतो आणि लूप वेडावाकडा होतो. जुन्या फाइली उघडून बघितल्या, लूप चौकोनी, स्वच्छ. उलट तिचा हात चांगला होता, मी तेव्हाच म्हणालो.

मग मी एक गोष्ट बघितली जी त्यांनी बघितली नव्हती. खालची महाशीर क्षणभर दाबून, हृदयात येणारं रक्त कमी करून जे लूप मिळतात त्यांच्या डाव्या वरच्या कोपऱ्यांवरून रेघ काढली की तिचा चढ म्हणजे ईईएस, स्नायूची मूळ ताकद, आणि ती भरणाऱ्या रक्तावर त्या मानानं कमी अवलंबून असते. डॉक्सो ग्रुपमधे ईईएस कमी होता, पण डीपी/डीटी आणि टाऊ ज्या मानानं ढासळलेले त्या मानानं बिलकुल नाही. म्हणजे ताकद थोडी कमी पण वेग फारच कमी. ताकद टिकून वेग पडलाय म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली गोष्ट येते थंडी.

मी विचारलं रॅटचं टेम्परेचर किती असतं मोजताना. रजिस्टरमधे रकानाच नव्हता. टेबलावर पट्टी होती मात्र, ती पाठ शेकायला मेडिकलमधे मिळते ती २३० व्होल्टची विजेची पट्टी, रॅटखाली अंथरलेली. मी म्हटलं ही चालू असते ना. तर कोपऱ्यात पिंजरे पुसणारे अटेंडर मामा तिथूनच म्हणाले, "बंदच असते की वो सर. चालू केली की कॉम्प्युटरवर रेघा नाचतात, म्हणून प्लग काढूनच ठेवलंय दिवाळीपास्न."

मग सगळं उलगडलं. पट्टी चालू केली की प्रेशर आणि व्हॉल्यूम दोन्हीच्या रेघेवर मेन्सचा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेच्या लाइनीचा कंप, चढायचा. प्लग दोन पिनचा, अर्थिंग नाही, आणि रॅट म्हणजे पट्टीवर पसरलेलं मिठाच्या पाण्याचं पोतं, तो करंटची कुजबुज उचलणारच. कंट्रोल ग्रुप तिनं ऑक्टोबरमधे मोजला होता, हम सहन करत, पट्टी चालू ठेवून. नंतर तिनं सॉफ्टवेअरमधला ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर, म्हणजे तेवढी एकच फ्रिक्वेन्सी कापणारा, लावून बघितला, मग वाचलं की असले फिल्टर डीपी/डीटीचं शिखर कापतात, म्हणून फिल्टर काढला आणि पट्टीच बंद केली. हे मी मुद्दाम सांगतोय कारण पहिल्यांदा ऐकून लोक म्हणतात काय बावळट पोरगी. अजिबात नाही. रॅटचा हार्ट रेट मिनिटाला ३५० धरला तर सेकंदाला जवळजवळ सहा ठोके, आणि प्रेशरच्या चढाचा खरा आकार पकडायला त्याच्या आठ-दहा पटीपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी लागतात, म्हणजे नेमक्या ५०-६० हर्ट्झपर्यंत. तिथंच नॉच मारला तर सिग्नल पण जातो. तिचं वाचन बरोबर होतं, निर्णय अर्धाच झाला, पट्टी बंद केल्यावर रॅटला ऊब कुठनं द्यायची हा उरलेला अर्धा कोणी विचारलाच नाही.

आणि बेळगावची डिसेंबरची सकाळ. बाहेर पारा पंधराच्या आसपास, खोलीत स्टीलचं टेबल, वर छाती-गळा भादरून स्पिरिटनं पुसलेला रॅट, भुलीमुळे अंगाची ऊब धरून ठेवायची यंत्रणा बंद. आम्ही दुसऱ्या दिवशी मंजुरीतल्याच एका ट्रेनिंगच्या रॅटला गुदद्वारातून थर्मामीटरचा प्रोब लावून बसलो. भूल दिली तेव्हा ३७.२. ऑपरेशन संपून कॅथेटर आत जाईपर्यंत ३३.४. हार्ट रेट आकड्यामागे आकडा खाली. मग बादलीतून गरम पाण्याच्या पिशव्या आणून दोन्ही बाजूंना लावल्या, अर्ध्या-पाऊण तासात ३६.८ झालं, आणि तोच रॅट, तेच कॅथेटर, त्याच जागी, हार्ट रेट आणि डीपी/डीटी कंट्रोलच्या जवळ. ती स्क्रीनकडे बघत नुसती बसली होती. मॅडम म्हणाल्या चहा घेऊया.

चहा घेताना दुसरी भानगड निघाली. कंट्रोलचे आकडे तरी खरे होते का? डीपी/डीटी हा प्रेशरच्या चढाचा वेग, आणि वेग काढताना जलद कंप फुगून येतो. हिशोब साधा आहे, ५० हर्ट्झचा कंप रेघेवर फक्त २ एमएमएचजीचा असला तरी त्याचा स्वतःचा वेग २ गुणिले ३.१४ गुणिले ५० गुणिले २, म्हणजे सेकंदाला सहाशेच्या वर. तो खऱ्या शिखरावर कधी भर घालतो कधी वजा होतो, पण सॉफ्टवेअर प्रत्येक ठोक्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलतं, त्यामुळे एकंदरीत फुगतंच. म्हणजे कंट्रोल हममुळे वर ढकलला गेलेला, डॉक्सो थंडीमुळे खाली. दोन्ही चुका एकाच दिशेला. छान आकडे असे आले होते.

व्हॉल्यूमचं पण तेच. रक्ताची कंडक्टिव्हिटी तापमानाबरोबर अंशामागे साधारण दोन टक्के बदलते. रॅटमधलं रक्त ३३ अंशाला आणि कॅलिब्रेशन ३७ गृहीत धरून, तर व्हॉल्यूम सात-आठ टक्के कमी दिसणार. त्यात त्यांची क्युवेटची, म्हणजे ठरलेल्या मापाच्या छिद्रांत रक्त भरून कॅथेटर तपासायच्या ठोकळ्याची, कॅलिब्रेशन खोलीच्या तापमानाच्या रक्तात केलेली होती, ती तर पारच वेगळी. यावर मी जास्त लिहीत नाही, क्युवेट गरम पाण्याच्या बाथमधे ठेवून करायचं एवढं लक्षात ठेवा.

पर्याय

इथं खरी ओढाताण झाली, आणि दोन-तीन बैठका झाल्या. टेबलावर काय काय होतं ते सांगतो, प्रत्येकाच्या मागं कोणतरी ठामपणे उभं होतं.

एक, आहे तसं लिहायचं, मेथडमधे हार्ट रेट द्यायचा आणि पुढं जायचं. असं म्हणणारा माणूस वाईट नव्हता, डिपार्टमेंटमधले एक सिनियर होते, त्यांचा मुद्दा असा की निम्म्या पेपरांत टेम्परेचर लिहिलेलंच नसतं. खरंय ते. पण आता आपल्याला माहीत आहे, आणि माहीत असून लिहिणं वेगळं.

दोन, हार्ट रेट धरून स्टॅटिस्टिक्सनं दुरुस्ती करायची. मॅडमना हे पटत होतं. माझं म्हणणं असं की दुरुस्ती तेव्हाच करता येते जेव्हा प्रत्येक ग्रुपमधे काही गरम काही थंड रॅट असतील. इथं गरम सगळे एका ग्रुपात, थंड सगळे दुसऱ्यात, तर डॉक्सोचा परिणाम किती आणि थंडीचा किती हे कुठलंच सॉफ्टवेअर वेगळं करू शकत नाही. शिवाय डॉक्सो स्वतः पण हार्ट रेटवर परिणाम करतं, म्हणजे हार्ट रेटनं दुरुस्त केलं की आजारच पुसून जायचा.

तीन, हिमोडायनॅमिक्स, म्हणजे कॅथेटरनं मोजलेले हे सगळे आकडे, टाकून द्यायचं आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन), ईसीजी, हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचे काप बघणं) यावर थीसिस उभा करायचा. हे शक्य होतं, नमुने चांगले जपून ठेवले होते. पण मग ग्रँटमधून लाखोंचं सामान घेतलं कशाला हा प्रश्न कोणतरी विचारणारच.

चार, अर्काचे जे दोन ग्रुप जिवंत आहेत ते आता नीट सेटअपवर मोजायचे आणि कंट्रोल-डॉक्सोचे नवीन रॅट नंतर भरायचे. सगळ्यात मोह पाडणारा पर्याय, कारण कमी रॅट लागतात. पण वेगळ्या महिन्यात, वेगळ्या बॅचच्या रॅटवर, वेगळ्या वयाला. म्हणजे ज्या खड्ड्यात पडलो त्याच खड्ड्याला दुसऱ्या बाजूनं जायचं.

पाच, चारही ग्रुप नव्यानं, संख्या कमी करून. याला वेळ, पैसा, आणि मुख्य म्हणजे ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी.

कंट्रोलच्या फाइली वाचवता येतात का हे मी बाजूला बघितलं. ठोके एकाखाली एक लावून सरासरी काढली की हम जातो, कारण तो ठोक्याच्या तालावर नसतो, आणि मूळ रेकॉर्डिंग २००० हर्ट्झनं, फिल्टर न लावता ठेवलेलं असल्यामुळे हे जमलं. त्यामुळे कंट्रोलचे आकडे बऱ्यापैकी खरे मिळाले. डॉक्सोच्या रॅटचं टेम्परेचर मात्र कुठल्याच फाइलीत लपलेलं नव्हतं, ते गेलं ते गेलं.

काय केलं

शेवटी चार आणि पाच यांच्या मधलं काहीतरी ठरलं. जिवंत असलेले अर्काचे रॅट प्रोटोकॉलप्रमाणे ठरल्या वेळी मोजायलाच लागणार होते, उगाच जास्त दिवस ठेवणं पण त्यांच्यावर अन्याय, डॉक्सोचे रॅट वजन उतरून, पोटात पाणी होऊन हाल होतात. तर त्यांच्यावर नवीन सेटअप पक्का करायचा, आकडे वेगळे लिहायचे, मुख्य तुलनेत धरायचे नाहीत. आणि मुख्य तुलना नव्या चार ग्रुपांवर, प्रत्येकी सहा.

एथिक्स कमिटीपुढं सुधारित फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज, गेला. अशा कमिटीत बाहेरचे सदस्य असतात, त्यात एक सामाजिक जाण असलेला, विज्ञानाशी संबंध नसलेला माणूस पण असावा लागतो. या कमिटीत ते एक निवृत्त गृहस्थ होते. बाकीचे डोस, पी व्हॅल्यू विचारत होते, यांनी एवढंच विचारलं, "आधीच्या सोळा जनावरांचं काय झालं मग?" खोलीत कोणाला पटकन उत्तर देता आलं नाही. तिनं दिलं. म्हणाली, त्यांचे आकडे पण थीसिसमधे येतील, का वापरता आले नाहीत त्याच्यासकट. मंजुरी मिळाली, अट अशी की प्रत्येक रॅटचं टेम्परेचर रेकॉर्डमधे पाहिजे. रसेल आणि बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रयोगातल्या प्राण्यांबद्दल जी रिडक्शनची गोष्ट सांगितली ती आपण नेहमी "कमी रॅट वापरा" एवढीच धरतो, इथं सोळा जनावरं गेली आणि त्यातून मुख्य प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, ते रिडक्शनच्या कुठल्या रकान्यात टाकायचं.

सेटअपमधे काय बदललं: शेकायची पट्टी गेली, गरम पाणी फिरवणारी गादी आली, पंप टेबलापासून लांब. पाण्याच्या गादीत तारा नाहीत त्यामुळे हमचा प्रश्नच मिटला. टेबल, ॲम्प्लिफायर, कॉम्प्युटर सगळं एकाच अर्थवर घेतलं, कॉलेजच्या इलेक्ट्रिशियननं सॉकेट उघडून बघितलं तर अर्थची वायर आत नुसती गुंडाळून ठेवलेली, कुठं जोडलेलीच नाही. हे त्या बिल्डिंगमधे किती वर्षं तसंच होतं देव जाणे. गुदद्वारातला प्रोब कायम, आणि ३६.५ ते ३७.५च्या बाहेर असेल तर रेकॉर्डिंग सुरूच करायचं नाही.

भुलीवरून परत वाद. झायलाझिननं हार्ट रेट पडतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आजारी रॅटला तोच डोस जास्त खोल लागतो, मधे टॉप-अप दिला तर आणखी गोंधळ. मी आयसोफ्लुरेन, म्हणजे हुंगवून द्यायची भूल, म्हटलं, कारण ते कमी-जास्त करता येतं. मॅडमना जुन्या आकड्यांशी तुलना हवी होती. पण जुने आकडे मुख्य तुलनेत नाहीतच हे एकदा मान्य केल्यावर तो मुद्दा आपोआप पडला. त्याला लागणारा व्हेपोरायझर दुसऱ्या लॅबमधून मागून आणला. हार्ट रेट ३५०च्या आसपास स्थिर मिळायला लागला.

सगळ्यात महत्त्वाचा बदल फुकटचा होता. रोज प्रत्येक ग्रुपातला एक-एक रॅट, त्या दिवशीचा क्रम चिठ्ठ्या टाकून, आणि पिंजऱ्यावर नुसता कोड, मोजणारीला ग्रुप माहीत नाही. चिठ्ठ्या मामा टाकायचे. प्राण्यांवरचे प्रयोग पेपरात कसे लिहावेत हे सांगणाऱ्या अराइव्ह गाइडलाइन्स २०१० पासून हे केलं का ते लिहायला सांगतायत, पण "आधी कंट्रोलवर हात बसवू, मग आजारी रॅट घेऊ" ही पद्धत इतक्या ठिकाणी बघितलीय मी की मोजदाद नाही. हात बसवायचाच तर ट्रेनिंगच्या रॅटवर बसवा. कंट्रोल हा सरावाचा ग्रुप नाही.

निकाल

डॉक्सोनं हृदय कमजोर होतं हे नव्या आकड्यांत पण दिसलं, ईईएस कमी, डीपी/डीटी कमी, टाऊ थोडा लांब. पण पहिल्यांदा दिसलेला तो अक्राळविक्राळ फरक नव्हता. आणि अर्काचं म्हणाल तर कमी डोसमधे काही नाही, जास्त डोसमधे टाऊ जरा बरा, डीपी/डीटीमधे खात्रीनं सांगावं असं काही नाही. तिची थोडी निराशा झाली, मॅडमची जास्त. मला विचाराल तर पहिल्या सेटअपवर थंड रॅटचे दोन अर्काचे ग्रुप जानेवारी-फेब्रुवारीत मोजले असते, खोली हळूहळू तापत गेली असती, आणि शेवटी मोजलेला ग्रुप आपोआप "सुधारलेला" दिसला असता. तो शेवटचा ग्रुप जास्त डोसचा होता. पेपर नक्की झाला असता, आणि कोणतरी तो वाचून अर्क विकायला पण काढला असता.

थीसिसला वर्षभर उशीर झाला. मेथडच्या प्रकरणात तापमानाचं ते सगळं प्रकरण, तोच रॅट ३३.४ला आणि ३६.८ला, शेजारी शेजारी लूप लावून दिलंय तिनं. परीक्षक त्यावरच सगळ्यात जास्त बोलले म्हणे.

काय वेगळं करता आलं असतं

थर्मामीटरचा प्रोब पहिल्या दिवसापासून पाहिजे होता, हे कोणीही सांगेल. मला जास्त खटकतं ते दुसरं. हम आला तेव्हा तो प्रश्न फक्त सिग्नलचा समजला गेला आणि एकटीनं सोडवला गेला. पट्टी बंद करणं हा प्रोटोकॉलमधला बदल होता, आणि बदल रजिस्टरला तारखेसकट लिहायचा असता तर लिहिताना तरी कोणाच्या लक्षात आलं असतं की कंट्रोल पट्टीवर आणि डॉक्सो पट्टीविना. मामांना माहीत होतं, त्यांना कोणी विचारलं नाही इतकंच.

धडधाकट रॅट मधेमधे मोजणं, हे मी आता सगळ्यांना सांगतो. काही औषध न दिलेला रॅट ठरावीक अंतरानं सेटअपवर घ्यायचा, एथिक्सच्या अर्जात तो आधीच धरून ठेवायचा. इथं तो योगायोगानं मोजला गेला. ज्युनियर दोन महिने उशिरा जॉइन झाली असती तर?

कुठला रॅट गाळायचा याचे नियम मोजायच्या आधी लिहिलेले पाहिजेत. टेम्परेचर अमुकच्या खाली, हार्ट रेट अमुकच्या खाली, कॅथेटर काढल्यावर झिरो अमुकपेक्षा जास्त सरकला, तर गाळ. आकडे बघून मग ठरवलं की आपण नकळत आपल्याला हवा तोच रॅट ठेवतो.

आणि कच्चं रेकॉर्डिंग फिल्टर न लावता ठेवायचं, तिनं ते ठेवलं होतं म्हणून निदान कंट्रोल वाचला.

चार नंबरचा पर्याय आम्ही टाकला ते बरोबर का, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात काही रॅट वाचले असते. मी म्हणतो परत तुलना हुकली असती तर तेही फुकट गेले असते. नवीन ग्रँटमधे त्यांनी पहिल्या ओळीला व्हेपोरायझर आणि टेम्परेचर कंट्रोलर लिहिलाय, दुसरं कॅथेटर तिसऱ्या ओळीला गेलंय.